एका क्लिकमागे किती पैसे? ॲफिलिएट मार्केटिंगमधला ईपीसी नवख्यांसाठी, पायरी-पायरीने

ॲफिलिएट लिंक, म्हणजे जिच्यावरून कोणी खरेदी केली की आपल्याला कमिशन मिळतं अशी लिंक, टाकायला सुरुवात केली की डॅशबोर्डवर क्लिक, ऑर्डर, कमिशन, कन्व्हर्जन अशी आकड्यांची रांग दिसायला लागते. नवीन माणूस त्यातले क्लिक बघतो, कारण तोच आकडा सर्वांत आधी हलतो. क्लिक वाढले की बरं वाटतं, महिनाअखेरीस कमिशन बघितलं की तोंड उतरतं, आणि चुकतंय कुठे ते कळत नाही. हे कळण्यासाठी एकच आकडा नीट समजून घ्यावा लागतो: ईपीसी, म्हणजे एका क्लिकमागे झालेली कमाई.

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी मी अवजारांची माहिती देणारी मराठी वेबसाइट चालवतो. छाटणीची कात्री, फवारणीचा बॅटरी पंप, गोडी तपासायचं ब्रिक्स मीटर असे विषय. त्यामुळे खालची उदाहरणं तिथलीच आहेत. तुमचा विषय पैठणी असो, हरिहर-अंजनेरीच्या ट्रेकचे बूट असोत किंवा स्वयंपाकघरातली भांडी, हिशेब हाच राहतो. उदाहरणांमधल्या किमती आणि कमिशनचे टक्के हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. खरे दर प्रोग्रॅमनुसार, म्हणजे कमिशन देणाऱ्या कंपनीच्या योजनेनुसार, आणि वस्तूच्या वर्गवारीनुसार बदलतात, ते चालू तक्त्यातच पाहावेत.

आधी हे जवळ ठेवा

- पॅन कार्ड, आधारशी जोडलेलं
- पॅनवरच्या नावाशी जुळणारं बँक खातं. रद्द केलेला चेक किंवा पासबुकचं पहिलं पान
- स्वतःची वेबसाइट, यूट्यूब चॅनल किंवा सार्वजनिक सोशल मीडिया पान, ज्यावर आधीपासून थोडा मजकूर आहे
- जीएसटी नंबर, असेल तर
- एक स्प्रेडशीट. गूगल शीट पुरते, पैसे देऊन घ्यायचं कुठलंही सॉफ्टवेअर सुरुवातीला नको

या यादीत प्रवेश फी नाही, हे मुद्दाम बघा. ॲमेझॉन असोसिएट्स असो, अनेक कंपन्यांचे प्रोग्रॅम एकाच ठिकाणी देणारी क्यूलिंक्स किंवा व्हीकमिशनसारखी आपल्याकडची नेटवर्क असोत, ॲफिलिएट म्हणून नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. कोणी "आधी पॅकेज घ्या, मग खाली माणसं जोडा, त्यावर कमिशन" असं सांगत असेल तर ते ॲफिलिएट मार्केटिंग नव्हे. माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांनी मनाई केली आहे, आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा तर १९७८ पासून आहे. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या हॉलमधल्या मोफत सेमिनारला जाऊन आलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

## १. सूत्र दोन बाजूंनी समजून घ्या

पहिली बाजू सोपी. ठरावीक काळात मिळालेलं एकूण कमिशन भागिले त्याच काळातले क्लिक. ४०० क्लिकवर ६०० रुपये मिळाले, तर ईपीसी दीड रुपया.

दुसरी बाजू जास्त कामाची आहे: एका विक्रीमागचं कमिशन गुणिले कन्व्हर्जन, म्हणजे क्लिक करणाऱ्यांपैकी किती जणांनी खरेदी केली ते प्रमाण. ईपीसी कमी असेल तर दुखणं नेमकं कुठे आहे ते या दुसऱ्या बाजूने दिसतं. तीन वस्तू घेऊन बघा. प्रत्येकीच्या लिंकवर ४०० क्लिक आले असं धरू.

- छाटणीची कात्री: किंमत ५०० रुपये, कमिशन ६ टक्के, म्हणजे नगामागे ३० रुपये. १६ ऑर्डर. एकूण ४८० रुपये. ईपीसी १.२० रुपये.
- बॅटरी पंप: किंमत ४,००० रुपये, कमिशन ५ टक्के, म्हणजे २०० रुपये. ३ ऑर्डर. एकूण ६०० रुपये. ईपीसी १.५० रुपये.
- ब्रिक्स मीटर: किंमत १,५०० रुपये, कमिशन ६ टक्के, म्हणजे ९० रुपये. १२ ऑर्डर. एकूण १,०८० रुपये. ईपीसी २.७० रुपये.

पंपावर नगामागे सर्वांत जास्त कमिशन आहे, कात्रीच्या ऑर्डर सर्वांत जास्त आहेत, आणि तरीही या दोघांपेक्षा पुढे मीटर आहे. नवीन माणूस "महाग वस्तू विकूया, कमिशन मोठं मिळेल" किंवा "स्वस्त वस्तू विकूया, पटापट खपतील" यांपैकी एक बाजू धरून बसतो. गुणाकार केल्याशिवाय यातलं काहीच ठरत नाही.

एक बारीक गोष्ट. कमिशन साधारणपणे कर आणि डिलिव्हरीचा खर्च वगळून उरलेल्या रकमेवर मोजतात. ग्राहकाने मोजलेल्या पूर्ण रकमेवर टक्के लावून बसलात तर तुमचा अंदाज नेहमी जास्तच येणार.

## २. खातं उघडा, पण घड्याळ लक्षात ठेवा

सुरुवात एकाच प्रोग्रॅमपासून करा. ॲमेझॉनचा प्रोग्रॅम १९९६ पासून चालू आहे, आणि मराठी वाचकाला ती वेबसाइट ओळखीची आहे, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. तिथे अर्ज केल्यापासून १८० दिवसांत किमान ३ पात्र विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. पुन्हा अर्ज करता येतो, पण आधीच्या लिंक सगळ्या बदलत बसावं लागतं. म्हणून आठ-दहा चांगली पानं तयार झाल्यावरच अर्ज करा.

स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी वस्तू मागवून तो आकडा गाठायचा विचार करू नका. अशी खरेदी धरली जात नाही आणि खातं धोक्यात येतं. ईमेल, व्हॉट्सॲप, छापील पत्रक यांत लिंक द्यायची की नाही, याचे नियम प्रत्येक प्रोग्रॅमचे वेगळे असतात. ते पान कंटाळवाणं असतं, पण एकदा पूर्ण वाचा.

## ३. प्रत्येक पानाला वेगळा ट्रॅकिंग आयडी द्या

ट्रॅकिंग आयडी म्हणजे क्लिक कुठून आला ते ओळखण्यासाठी लिंकमध्ये घालायची खूण. सगळ्या लिंकना एकच आयडी लावला की महिन्याच्या शेवटी एकच ढोबळ ईपीसी हातात येतो. समजा तो १.८० आला. कोणत्या पानाने कमावलं, कोणतं पान नुसतं क्लिक खातंय, काही कळणार नाही. असा आकडा असून नसून सारखाच.

ॲमेझॉनमध्ये एका खात्याखाली अनेक ट्रॅकिंग आयडी करता येतात. भारतातल्या आयडीच्या शेवटी २१ हा आकडा येतो. इतर नेटवर्कमध्ये याच कामासाठी सबआयडी नावाची सोय असते. कात्रीच्या पानाला एक, पंपाच्या पानाला दुसरा, यूट्यूबच्या वर्णनातल्या लिंकना तिसरा. नावं अशी ठेवा की सहा महिन्यांनी बघितली तरी ओळखू येतील.

आयडी वस्तूला न देता पानाला का द्यायचा, यालाही कारण आहे. ॲमेझॉनवर तुमच्या लिंकवरून गेलेला माणूस २४ तासांत जे घेईल त्यावर सहसा कमिशन मिळतं, मग ती वस्तू तुम्ही सुचवलेली असो वा नसो. कात्री बघायला गेलेला माणूस मुलीची शाळेची बॅग घेऊन येतो. ती कमाई कात्रीच्या पानाचीच आहे, कारण माणूस तिथून गेला. त्या २४ तासांत त्याने वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवली, तर पुढे काही आठवडे ती तुमच्या नावावर राहते. मात्र मध्येच त्याने दुसऱ्या कोणाची ॲफिलिएट लिंक दाबली, तर साधारणपणे शेवटच्या लिंकवाल्याला श्रेय जातं.

## ४. आठवड्याची नोंद एका शीटमध्ये

रकाने एवढेच: आठवडा, पान, क्लिक, ऑर्डर, आलेलं कमिशन, रद्द झालेलं कमिशन, ईपीसी, शेरा. ईपीसीच्या रकान्यात भागाकाराचं सूत्र एकदाच लिहून खाली ओढा.

शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवू नका. "कात्री स्टॉकमध्ये नव्हती", "सेल सुरू", "बागलाणात अर्ली छाटणी चालू", "लिंक वर घेतली". दोन महिन्यांनी आकडा का हलला हे आठवायला दुसरा काही आधार नसतो. माझ्या शीटमध्ये सर्वांत जास्त वेळा वाचला जाणारा रकाना हाच.

क्लिक कुठून घ्यायचे हेही एकदा ठरवून टाका. लिंक छोटी करून देणाऱ्या सेवेवरचे क्लिक आणि नेटवर्कच्या अहवालातले क्लिक कधीच तंतोतंत जुळत नाहीत, कारण सर्च इंजिनचे आणि सोशल मीडियाचे बॉटसुद्धा, म्हणजे आपोआप चालणारी सॉफ्टवेअरं, लिंक उघडतात. शिवाय काही ठिकाणी एकूण क्लिक दाखवतात, काही ठिकाणी एका माणसाचा एकच. ज्यांच्याकडून पैसे येतात त्यांच्याच अहवालातले क्लिक धरा आणि नेहमी तेच धरा.

## ५. कच्चा ईपीसी आणि पक्का ईपीसी

नवखे सर्वांत जास्त फसतात ते इथेच, म्हणून जरा थांबून वाचा.

ऑर्डर पडली की अहवालात कमिशन लगेच दिसू लागतं. पण ते अजून तुमचं नसतं. ग्राहक वस्तू परत करू शकतो. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर दारातून परत जाऊ शकते. खेडेगावात हे बरंच होतं: कुरिअरवाला आला तेव्हा शेतकरी मळ्यात असतो, फोन लागत नाही, दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्या गावाला गेलेली असते. मग ऑर्डर परत, आणि कमिशन रद्द.

वरच्याच तीन वस्तू पुन्हा घ्या. समजा कात्रीची १ ऑर्डर रद्द झाली, पंपाची १ आणि मीटरच्या २.

- कात्री: १५ नग, ४५० रुपये, ईपीसी साधारण १.१३
- पंप: २ नग, ४०० रुपये, ईपीसी १.००
- मीटर: १० नग, ९०० रुपये, ईपीसी २.२५

कच्च्या हिशेबात पंप कात्रीच्या पुढे होता, पक्क्या हिशेबात मागे गेला. एकच ऑर्डर फिरली, पण महाग वस्तूची एक ऑर्डर म्हणजे त्या पानाची तिसरा हिस्सा कमाई. कच्च्या आकड्यावर विसंबून पुढचा महिनाभर पंपावरच लिहीत बसलात, तर मेहनत चुकीच्या जागी गेली.

म्हणून शीटमध्ये दोन्ही ठेवा. कच्चा ईपीसी आठवड्याला, कल बघण्यापुरता. पक्का ईपीसी परताव्याची मुदत संपल्यावर, आणि निर्णय घ्यायचा तो यावरच. ॲमेझॉन महिना संपल्यानंतर साधारण ६० दिवसांनी पैसे देतं. म्हणजे ऑक्टोबरचे पैसे डिसेंबरअखेरीस. तोवर ऑक्टोबरचा हिशेब उघडाच समजा. काही नेटवर्कमध्ये "पेंडिंग" आणि "अप्रूव्ह्ड" असे दोन वेगळे रकाने असतात, तिथे हे काम सोपं जातं.

क्रेडिट कार्ड किंवा डीमॅट खात्याच्या ऑफर्समध्ये हा फरक आणखी मोठा असतो. शंभर जणांनी लिंक दाबली, वीस जणांनी अर्ज भरला, पण कमिशन मंजूर अर्जांवरच. तुमचा वाचक ज्या पिनकोडचा आहे तिथे ते कार्ड देतच नसतील, तर शेकड्यातली रक्कम बघून हुरळून जाण्यात काही अर्थ नाही.

## ६. किती क्लिक झाल्यावर आकड्यावर भरवसा ठेवायचा?

पंपाच्या पानावर पहिल्या २० क्लिकमध्ये एक ऑर्डर आली, तर ईपीसी १० रुपये दिसतो. पुढच्या १८० क्लिकमध्ये काहीच आलं नाही, तर तोच १ रुपयावर येतो. पान तेच, वाचक तेच. पहिला आकडा निव्वळ योगायोग होता.

उलटंही घडतं. समजा एखाद्या पानाचं खरं कन्व्हर्जन २ टक्के आहे. तरीसुद्धा १०० क्लिकमध्ये एकही ऑर्डर न येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते, आणि ५० क्लिकमध्ये तर ३६ टक्के. म्हणजे चांगलं पानसुद्धा पहिल्या पन्नास क्लिकमध्ये तीनातून एकदा कोरडं जाऊ शकतं. कितीतरी जण याच टप्प्यावर पान काढून टाकतात.

मी क्लिकपेक्षा ऑर्डरवर लक्ष ठेवतो. एखाद्या पानाच्या किमान दहा पक्क्या ऑर्डर होईपर्यंत त्याच्या ईपीसीवरून काही ठरवत नाही. स्वस्त वस्तूला हा टप्पा लवकर येतो, महाग वस्तूला वेळ लागतो. तोवर शीट भरत राहायची.

## ७. नेटवर्कवर छापलेला ईपीसी तुमचा नव्हे

नेटवर्कमध्ये जाहिरातदारांची यादी उघडली की प्रत्येकापुढे ईपीसी लिहिलेला दिसतो. त्यावरून प्रोग्रॅम निवडायचा मोह होतो. निवडायच्या आधी चार गोष्टी तपासा.

एक, हा आकडा एका क्लिकचा आहे की शंभर क्लिकचा? १९९८ मध्ये सुरू झालेलं सीजे हे जुनं नेटवर्क ईपीसी दर शंभर क्लिकमागे दाखवतं, सात दिवसांचा वेगळा आणि तीन महिन्यांचा वेगळा. तिथे ४५ दिसलं तर त्याचा अर्थ क्लिकमागे ०.४५. यातला सात दिवसांचा आकडा एखाद्या सेलमुळे फुगलेला असू शकतो, तीन महिन्यांचा त्यातल्या त्यात बरा.

दोन, चलन कोणतं? डॉलरमधला ईपीसी अमेरिकेतल्या ग्राहकांच्या खरेदीवर निघालेला असतो. निफाडचा किंवा दिंडोरीचा वाचक त्या वेबसाइटवरून काही घेणार आहे का, हा पहिला प्रश्न. डॉलरचा रुपया करून गुणाकार करत बसण्याआधी त्याचं उत्तर शोधा.

तीन, ही सरासरी कोणाची? त्या आकड्यात कूपन आणि कॅशबॅक देणाऱ्या वेबसाइटही असतात. त्यांच्याकडे माणूस खरेदी पक्की करूनच येतो, शेवटच्या क्षणी सवलत शोधायला. त्यांचं कन्व्हर्जन चढंच असणार. तुमच्याकडे येणारा अजून "घेऊ की नको" अशा विचारात असतो.

चार, परतावे वजा केलेत की नाही. कुठेच लिहिलेलं नसेल तर केलेले नाहीत असं धरून चाला.

तेव्हा छापील ईपीसी बघायचा तो दोन सारख्या प्रोग्रॅममध्ये कोणता आधी आजमावावा एवढं ठरवण्यापुरता. दुसऱ्या कोणी ग्रुपवर टाकलेल्या स्क्रीनशॉटला तेवढंही स्थान देऊ नका.

## ८. हंगाम धरून तुलना करा

द्राक्षाच्या बागेला वर्षातून दोन छाटण्या असतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात गोड बहाराची. कात्रीच्या पानावर या दोन काळांत येणारा माणूस घ्यायला आलेला असतो. मजूर उद्या बागेत येणार, कात्री आज ठरवायची. जुलैत येणारा माणूस बहुतेक नुसता चाळत असतो. पान एकच, लिंक एकच, पण ईपीसी दुप्पट-तिप्पट फरकाने बदलतो. ब्रिक्स मीटरचं तसंच. मणी भरून गोडी उतरायला लागली, व्यापारी बागा बघायला फिरू लागले की डिसेंबरपासून त्याला मागणी येते, आणि माल निघाला की थांबते.

त्यात बागलाणातल्या अर्ली द्राक्षांचं वेळापत्रक निफाड-दिंडोरीच्या आधीचं. तिकडचे वाचक वाढले की आकडा अवेळी वर गेल्यासारखा वाटतो.

म्हणून नोव्हेंबरची तुलना ऑक्टोबरशी करू नका, मागच्या नोव्हेंबरशी करा. पहिल्या वर्षी मागचा आकडाच नसतो. तेव्हा सेलचा काळ आणि हंगामाचा काळ शीटमध्ये वेगळ्या रंगाने दाखवा, तेवढं पुरेल.

येणाऱ्याचा हेतू कसा आकडा फिरवतो, याचं दुसरं उदाहरण २०२७ च्या सिंहस्थाचं. स्नानाच्या तारखा, रामकुंडाकडे जायचे रस्ते, पार्किंग अशी पानं करून त्यात तंबू, बॅगा, पॉवर बँक यांच्या लिंक टाकायचा विचार बरेच जण बोलून दाखवतात. वाचक भरपूर येतील, क्लिकही येतील. पण तारीख बघायला आलेला माणूस खरेदीच्या मनःस्थितीत नसतो. अशा पानाचा ईपीसी कमी येईल हे गृहीत धरूनच मेहनत किती घ्यायची ते ठरवा. "कुंभात ज्येष्ठांसोबत जाताना काय न्यावं" हे पान कमी लोक वाचतील, पण त्यातल्या लिंक कामाच्या असतील.

## ९. ईपीसी कमी असेल तर आधी वाचकाच्या जागी बसून बघा

माझ्या पंपाच्या पानाचं कन्व्हर्जन कात्रीच्या तुलनेत नेहमीच कमी राहिलं. कारण शोधायला अहवाल उपयोगी पडला नाही. पान वाचून पंप न घेतलेल्या ओळखीच्या बागायतदारांना विचारल्यावर ते कळलं. पान वाचून ते पंप ठरवतात, मॉडेलचं नाव फोनमध्ये साठवून ठेवतात, आणि पिंपळगावच्या कृषी सेवा केंद्रात जाऊन घेतात. कारण नोझल चोंदलं, वॉशर गेला, चार्जर बिघडला तर दुकानदार तिथल्या तिथे बदलून देतो. फवारणीच्या दिवशी पंप बंद पडला तर पार्सल परत पाठवून दुसरं येईपर्यंत औषधाची वेळ टळून जाते. त्यांचं बरोबरच आहे.

हे कळल्यावर त्या पानात मी दोन गोष्टी घातल्या. कोणत्या मॉडेलचे सुटे भाग वेगळे मिळतात ते, आणि दुकानातून पंप घेणं केव्हा शहाणपणाचं ते. कमिशनवर डोळा ठेवून वाचकाला चुकीच्या खरेदीकडे ढकलायचं नाही, हे मी पक्कं धरलेलं आहे. नोझल, वॉशर, मास्क, हातमोजे यांच्या लिंक मात्र त्याच पानावर नीट मांडल्या, कारण या वस्तू माणूस ऑनलाइन बिनधास्त घेतो.

तुमच्या पानाचा ईपीसी कमी असेल तर या क्रमाने तपासा:

१. लिंक उघडते का, आणि वस्तू स्टॉकमध्ये आहे का. संपलेल्या वस्तूच्या लिंकवरही क्लिक येत राहतात.
२. वाचकाच्या पिनकोडवर डिलिव्हरी होते का. नाशिक शहराचा पिनकोड टाकून बघू नका, सुरगाणा किंवा पेठचा टाका.
३. पानावर लिहिलंय एक आणि लिंक भलत्याच मॉडेलकडे जातेय, असं तर नाही ना.
४. पानावर दोष लिहिलेत का. नुसती स्तुती वाचून माणूस उत्सुकतेपोटी क्लिक करतो, तिथले वाईट अभिप्राय वाचतो आणि परत येतो. दोष आधीच सांगितला की क्लिक कमी होतात, पण जो जातो तो घ्यायलाच जातो. माझ्या अनुभवात ईपीसी वाढवण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय हाच.
५. तीच वस्तू दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जास्त कमिशनवर आहे का. हे शेवटी. कारण ओळखीच्या वेबसाइटवरून अनोळखी वेबसाइटवर नेलं की कन्व्हर्जन घसरतं आणि वाढीव टक्के त्यातच जिरतात.

एका वेळी एकच बदल करा आणि शेऱ्यात तारीख टाका.

आणि ईपीसी हा एकटाच आकडा धरून बसू नका. वर लिहिलंय तसे दोष मांडले की क्लिक घटतात. ते घटून कमाई वाढली तर उत्तम. पण क्लिक ४०० वरून ५० वर आले आणि ईपीसी १ वरून ४ झाला, तर खिशात ४०० ऐवजी २०० रुपये आले. ईपीसी आणि एकूण कमिशन शेजारी-शेजारी ठेवूनच वाचा.

## १०. जाहिरात देऊन क्लिक विकत घेण्याआधी

सहा महिने पक्का ईपीसी हातात आल्याशिवाय जाहिरातीवर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी करणारच असाल तर हिशेब असा करा.

मीटरचा पक्का ईपीसी २.२५ आहे. फेसबुकवर क्लिक २ रुपयांना पडतोय. वरवर २५ पैसे नफा दिसतो. पण जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे क्लिक पडला २.३६ रुपयांना. झाला ११ पैसे तोटा. कच्चा ईपीसी २.७० धरला असता तर हाच धंदा फायद्याचा दिसला असता.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. जाहिरातीवरचा क्लिक माणसाला तुमच्या पानावर आणतो. त्यांतले सगळे पुढे ॲफिलिएट लिंक दाबत नाहीत. शंभरातल्या चाळीस जणांनी दाबली, तर पानावर आलेल्या दर माणसामागे कमाई ०.९० रुपये. तुलना करायची ती या ९० पैशांची आणि २.३६ रुपयांची. शिवाय अनेक प्रोग्रॅममध्ये कंपनीच्या नावावर सर्च जाहिरात लावायला मनाई असते, आणि ती मोडली तर जमा कमिशनही जातं.

## ११. लिंक ॲफिलिएट आहे हे सांगा, आणि कराचं टिपून ठेवा

लिंकवरून खरेदी झाल्यास तुम्हाला कमिशन मिळतं, हे पानाच्या वरच्या भागात साध्या मराठीत लिहा. जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ पासून आहेत, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. आर्थिक संबंध असेल तर तो ठळक दिसला पाहिजे, हॅशटॅगच्या गर्दीत दडवून चालत नाही. याने ईपीसी पडेल अशी भीती अनेकांना वाटते. माझ्या पानांवर तसं काही झालेलं नाही.

कराच्या बाबतीत एवढं बघा. भारतीय कंपनी कमिशन देताना टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वजा होणारा आयकर, कापू शकते. कमिशनवरचा हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्के झाला. पॅन दिला नसेल तर २० टक्के कापतात, म्हणून खातं उघडल्याच दिवशी पॅन भरा. कापलेली रक्कम गेलेली नसते, ती आयकर खात्याच्या २६एएस या कर-नोंदीत दिसते आणि विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. अमेरिकन नेटवर्क असेल तर डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरून घेतात. सेवांसाठी महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाख उलाढालीची आहे, त्यामुळे सुरुवातीला बहुतेकांना ती लागत नाही. परदेशातून पैसे येत असतील तर मात्र सीएला एकदा विचारून घ्या.

शीटमध्ये टीडीएसचा रकाना वेगळा ठेवा आणि ईपीसी टीडीएस कापण्याआधीच्या कमिशनवर काढा. बँकेत आलेली रक्कम घेऊन ईपीसी काढला, तर टीडीएस कापलेल्या आणि न कापलेल्या महिन्यांची तुलना जुळत नाही. दर तिमाहीला २६एएस उघडून तो रकाना तपासा. आकडा जुळला नाही तर विवरणपत्राच्या घाईत न अडकता त्याच वेळी नेटवर्कच्या सपोर्टला लिहा.